नियम कळला म्हणून जादू मरत नाही

जादूच्या दुनियेवरची एखादी कादंबरीमालिका गाजली की पाठोपाठ तोच वाद उभा राहतो. त्या दुनियेत जादू कशी चालते, कोणाला काय जमतं, कुठे हात टेकावे लागतात, यावर वाचक तासन्‌तास बोलतात, वहीत तक्ते काढतात, पुढच्या भागात काय होईल याचे अंदाज लढवतात. मग दुसरीकडून सूर निघतो की हे काही वाचन नव्हे, ही कोडी सोडवायची हौस झाली. जादूला नियम लावले की तिचं यंत्र होतं. त्यावर चाहते उसळून म्हणतात की ज्या जादूला नियम नाहीत ती लेखकाच्या आळसातून आलेली असते. हा वाद मी बरीच वर्षं ऐकत आले आहे आणि दोन्हीकडची माणसं चुकीच्या जागी भांडत आहेत, असं माझं ठाम मत झालं आहे. वाचकांचा हा उत्साह अस्सल वाङ्मयीन आनंदातून येतो, त्याबद्दल त्यांनी ओशाळायचं काहीच कारण नाही. आणि त्यांच्यावर टीका करणारे नियम आणि स्पष्टीकरण या दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करतात. अमुक केलं की तमुक होईल, हे नियम सांगतो. ते तसं का होतं, हे स्पष्टीकरण सांगतं. विस्मय मरतो तो बहुधा स्पष्टीकरणाच्या हव्यासाने. नियमाने उलट प्रत्येक कृतीला किंमत येते, आणि किंमत नसेल तर गोष्टीतल्या कोणत्याही निर्णयाला वजन उरत नाही.

ब्रँडन सँडरसन यांची ‘मिस्टबॉर्न’ ही मालिका उदाहरणादाखल घेऊ, कारण हा वाद बहुतेक वेळा फिरून तिच्यापाशीच येतो. तिचा पहिला भाग २००६ साली आला. तिथली जादू धातूंवर चालते. काही मोजकी माणसं धातूचे कण गिळतात आणि ते पोटातल्या पोटात ‘जाळतात’. कथील जाळलं की इंद्रियं तीक्ष्ण होतात, प्यूटर या कथलाच्या मिश्रधातूने अंगात बळ येतं, लोखंडाने आसपासचा धातू आपल्याकडे ओढता येतो, पोलादाने तो दूर ढकलता येतो. मेख अशी की हे ओढणं-ढकलणं आपण आणि ती वस्तू यांच्यामधल्या सरळ रेषेतच होतं, आणि वस्तू आपल्यापेक्षा जड किंवा घट्ट रोवलेली असेल तर ती हलत नाही, आपणच हलतो. एवढ्यातून काय काय निघतं पाहा. नाणं जमिनीवर टाकून खाली ढकललं की जमीन त्याला अडवते आणि ढकलणारा वर उडतो. भिंतीत पक्की बसवलेली कडी ओढली तर माणूसच भिंतीकडे खेचला जातो. नायिका व्हिन ही उपासमारीत वाढलेली किडकिडीत मुलगी. तिची गाठ धिप्पाड शत्रूशी पडली आणि दोघांनी एकच नाणं दोन बाजूंनी ढकललं, तर मागे फेकली जाणार ती. एरवी देहाचं वजन हा पात्राच्या वर्णनातला एखाद्या ओळीचा तपशील असतो. इथे ते दर झुंजीत हिशेबात धरावं लागतं. लढाई वाचता वाचता आपणही खोलीत धातू कुठे कुठे आहे ते शोधू लागतो: दाराचा बिजागर, मेणबत्तीची बैठक, समोरच्याच्या खिशातली नाणी. याला कोडं सोडवणं म्हणायला मी तयार नाही. पात्राच्या डोळ्यांनी जग पाहायला लागणं याहून निराळं काय असतं?

हा ओढा किती माणसांना आहे, त्याचा एक अंदाज उपलब्ध आहे. २०२२ च्या मार्चमध्ये याच लेखकाने चार नव्या कादंबऱ्या वाचकांकडून थेट आगाऊ पैसे घेऊन काढायचं ठरवलं, तेव्हा किकस्टार्टरवर १,८५,३४१ जणांनी मिळून ४ कोटी १७ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. खपावरून साहित्याची प्रत ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण इतक्या माणसांना एखादी गोष्ट मनापासून आवडते, तेव्हा त्यांना नेमकं काय मिळतंय हे आधी समजून घेणं टीकाकाराचं काम आहे. ते न करता ‘हल्लीच्या वाचकांची अभिरुची’ म्हणून सुस्कारा सोडला जातो.

आता मुख्य आक्षेपाकडे येते. समजलं की विस्मय संपतो, म्हणतात. ‘मिस्टबॉर्न’ची सुरुवातच या म्हणण्याला उत्तर देते. पहिल्या प्रकरणांत व्हिनला आपल्याजवळ काय आहे याची कल्पनाच नाही. समोरच्या माणसाचा राग किंवा संशय थोडासा निवळवता येतो एवढंच तिला अनुभवाने कळलेलं. त्याला ती नशीब म्हणते आणि काटकसरीने वापरते, कारण ते मध्येच संपतं. पुढे तिला कळतं की ते नशीब म्हणजे पितळ, पाण्यातून आणि भांड्यांतून नकळत पोटात गेलेले त्याचे बारीक कण. या खुलाशाने तिच्या मागच्या आयुष्याचं आश्चर्य कमी झालं का? मला तरी त्या क्षणी मागची पानं उलटून पुन्हा वाचावीशी वाटली. एका निराधार पोरीला तिची स्वतःची ताकद कोणी सांगितलीच नव्हती आणि ती बिचारी उष्ट्या भांड्यांतल्या कणांवर तगून राहिली होती, हे त्या नियमामुळेच कळलं. आणि इतकं होऊनही, पितळेनेच मन का शांत व्हावं, याचा खुलासा त्या जागी कोणी करत नाही. नियम हाती येतो, कारण अंधारातच राहतं. गोष्टीला त्याची अडचणही होत नाही.

लोककथा कैक शतकं हेच करत आली आहे. मागे वळून पाहू नकोस. सातवी खोली उघडू नकोस. हे का, ते कधीच सांगितलं जात नाही. पण वळून पाहिलं की दगड होतोच, त्यात सूट नाही. नियम लोखंडासारखा पक्का आणि स्पष्टीकरण शून्य, तरीही ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. गूढतेच्या बाजूने बोलणारे ज्यांचं नाव हमखास घेतात, त्या उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ सालच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये एक प्रसंग आहे. गेड हा उतावळा विद्यार्थी. गुरू त्याला साधा खडा हिऱ्यासारखा करून दाखवतात आणि बजावतात की हा नुसता भास आहे. खड्याचा खराखुरा हिरा करायचा तर त्याचं खरं नाव बदलावं लागेल, आणि जगातल्या एवढ्याशा गोष्टीचं नाव बदलणं म्हणजे सगळं जग बदलणं. हा नियम नाही तर काय आहे? तो दोनतीन वाक्यांत मावतो, काव्यमय आहे, आणि तितकाच कडक आहे. गेडच्या हातून पुढे जे घडतं त्याची भीती या धड्यामुळेच वाटते.

नियमांचं हे खूळ खेळांमधून आलं, असाही एक आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे. ‘पातळी’, ‘शक्ती’, ‘मर्यादा’ ही आजच्या चर्चेतली भाषा पुष्कळशी खेळांची आहे. १९७४ साली आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात जादूगाराने मंत्र आधी पाठ करायचा आणि एकदा वापरला की तो स्मरणातून पुसला जायचा, अशी रचना होती. पण ती कल्पना खेळाने उचलली होती जॅक व्हॅन्स यांच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या कथांमधून. म्हणजे साहित्याचंच देणं फिरून साहित्याकडे आलं. आणि कशाला १९५० तरी? वृत्राची कथा आठवा. इंद्राला मारणारा मुलगा व्हावा म्हणून त्वष्टा यज्ञ करतो आणि मंत्रात ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकवतो. शब्द तोच, अक्षरं तीच. फक्त स्वराची जागा बदलल्याने तत्पुरुषाचा बहुव्रीही होतो. ‘इंद्राला मारणारा’ म्हणायचं होतं, ‘इंद्र ज्याला मारेल तो’ असं म्हटलं गेलं, आणि वृत्र इंद्राच्या हातून मेला. पतंजलीच्या महाभाष्यात हा दाखला व्याकरण का शिकावं याचं कारण म्हणून येतो. एका स्वराच्या चुकीवर मुलाचं मरण ठरवणारी ही जादू आहे. आजच्या कुठल्याही मालिकेत इतका बारीक नियम मी वाचलेला नाही.

महाभारताच्या आदिपर्वातली कचाची कथा तर मला या सबंध वादाचं उत्तर वाटते. शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या आहे, देवांकडे ती नाही. म्हणून बृहस्पतीचा मुलगा कच शिष्य होऊन येतो. असुरांना त्याचा डाव कळतो. ते त्याला मारतात; देवयानी बापाकडे रडते; शुक्राचार्य त्याला उठवतात. पुन्हा मारतात, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी असुर नियमातली फट शोधतात. कचाला जाळून त्याची राख मद्यात कालवतात आणि ते मद्य गुरूंनाच पाजतात. देवयानी पुन्हा हट्ट धरते. शुक्राचार्य हाक मारतात आणि उत्तर येतं त्यांच्याच पोटातून. आता कच जिवंत बाहेर यायचा तर गुरूचं पोट फाडूनच येणार. मुलीला बाप हवा आहे, कचही हवा आहे, आणि नियम वाकायला तयार नाही. मग जी विद्या शिष्याला कधीच द्यायची नव्हती ती शुक्राचार्य त्याला पोटातच शिकवतात, तो पोट फाडून बाहेर येतो आणि शिकलेल्या विद्येने मेलेल्या गुरूला उठवतो. संजीवनी कशी काम करते याचं एका अक्षराने स्पष्टीकरण नाही. पण ती कोण वापरू शकतो आणि वापरायला तो जिवंत हवा, एवढ्या दोन गोष्टी पक्क्या आहेत, आणि त्या दोन गोष्टींनी असुरांची लबाडी, मुलीचं प्रेम, बापाची माया आणि शत्रुपक्षाला गुपित देऊन टाकण्याची नामुष्की एकाच प्रसंगात आणून बांधली. जादू सैल असती, शुक्राचार्यांनी नुसता हात उंचावून कचाला बाहेर ठेवलं असतं, तर त्या कथेत उरलं काय असतं?

इथवर आल्यावर प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा समोर ठेवायला हवा, आणि तो म्हणजे गॅन्डाल्फ. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४–५५) या जादूगाराला काय काय येतं हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि ते कळत नाही म्हणूनच तो आपल्याला इतका पुरातन, इतका खोल वाटतो. त्याच्या शक्तींचा तक्ता कोणी मांडला असता तर ते पात्र खुजं झालं असतं. हे मी पूर्णपणे मान्य करते. काही आश्चर्यं अंधारातच राहावी लागतात. पण ती कादंबरी उभी कशावर आहे? अंगठीवर. आणि अंगठीचे नियम दुसऱ्याच प्रकरणात, नायक फ्रोडोच्या घरातल्या शेगडीपाशी, स्पष्ट सांगून टाकलेले आहेत. जिथे ती घडली त्या अग्नीतच ती नष्ट होईल, आणि जो ती जवळ बाळगेल त्याला ती आतून पोखरेल. फ्रोडो ती गॅन्डाल्फपुढे धरतो आणि गॅन्डाल्फ कळवळून नको म्हणतो. त्या नकाराचा अर्थ आपल्याला कळतो तो नियम ठाऊक असल्यामुळेच. जिथे नियम मोघम राहिला, तिथे काय झालं हेही पाहा. कथेत ऐनवेळी मदतीला येणाऱ्या महाकाय गरुडांनी अंगठी थेट त्या अग्नीच्या ज्वालामुखीपर्यंत का नेली नाही, हा प्रश्न वाचक आजही विचारत आहेत. टोल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्रूज इथे परीकथांवर जे व्याख्यान दिलं, त्यावर आधारलेल्या निबंधात त्यांनी म्हटलं होतं की ‘हिरवा सूर्य’ असं कोणीही म्हणू शकतो. तो हिरवा सूर्य ज्या जगात खरा वाटेल ते जग उभारायला मेहनत आणि विचार लागतो. गूढतेचे वकील ज्यांना साक्षीला बोलावतात, त्यांची साक्ष अशी आहे.

सँडरसन यांच्या चाहत्यांनाही मला तितक्याच स्पष्टपणे काही सांगायचं आहे. ज्या नियमाचा दाखला देऊन तुम्ही सैल जादूच्या पुस्तकांना आळशी ठरवता, तो नियम तसं म्हणतच नाही. २००७ सालच्या लेखात त्यांनी मांडलं ते एवढंच, की जादूने संकट सोडवण्याची लेखकाची क्षमता वाचकाला ती जादू किती कळली आहे, त्या प्रमाणात असते. यात अट संकट सोडवण्याची आहे. जादूने केवळ धाक दाखवायचा असेल, संकट निर्माण करायचं असेल, जगाला जुनेपणा द्यायचा असेल, तर ती न कळलेली चालते, कित्येकदा न कळलेलीच बरी. त्या लेखात टोल्किन यांना दुसऱ्या टोकाला ठेवलं आहे ते दोष म्हणून नव्हे. हे न वाचता ‘सिस्टीम नाही म्हणजे दर्जा नाही’ असा शिक्का मारणं ही टीका होत नाही.

नियमांच्या नादात गद्य सपाट होतं, हा आणखी एक आक्षेप मी फारसा खोडणार नाही. तो अनेकदा खरा असतो. पानंच्या पानं जादूची शिकवणी चालते, पात्रं एकमेकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी समजावतात, दर भागात एक नवी शक्ती उगवते. अशी पुस्तकं मी अर्ध्यावर सोडली आहेत. पण हा दोष कारागिरीचा आहे, प्रकाराचा नव्हे. रहस्यकथेवर हीच चर्चा होऊन गेली आहे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स यांनी गुप्तहेरकथेच्या दहा आज्ञा लिहिल्या: अलौकिक शक्ती आणायची नाही, गुप्त खोली एकाहून जास्त नको, गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. १९४५ मध्ये एडमंड विल्सन या मोठ्या अमेरिकन समीक्षकाने ही सबंध जात वेळेचा अपव्यय म्हणून झटकून टाकली. याच विल्सन यांनी १९५६ मध्ये टोल्किन यांच्या कादंबरीलाही पोरकट ठरवलं. एकीत नियम फार, दुसरीत गूढता फार. त्यांना दोन्ही खटकल्या. म्हणजे अडचण नियमांची नव्हतीच. वाचक इतक्या उघडपणे रमतो, याचीच ती अडचण होती, असं मला वाटतं. आजच्या टीकेतही तोच सूर मला ऐकू येतो.

आणि नियम ओळखीचा असल्याने मिळणारा आनंद हलका असतो, हे आपण कवितेच्या बाबतीत कुठे म्हणतो? गझलेच्या मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, काफिया (यमक) आणि रदीफ (त्यामागून दरवेळी येणारे तेच शब्द) ठरले की पुढच्या प्रत्येक शेराचा पहिला मिसरा, म्हणजे पहिली ओळ, ऐकताच श्रोता मनात काफिया शोधू लागतो. कधी तो आधीच सापडतो आणि मैफलीतले दहाजण कवीबरोबर म्हणून टाकतात. कधी सापडत नाही. सर्वांत मोठी दाद मिळते ती मात्र जेव्हा शब्द अपेक्षितच येतो आणि अर्थ अनपेक्षित निघतो. तिथे कोणी उठून म्हणत नाही की तुम्ही काव्य ऐकत नाही, कोडं सोडवताय. व्हिन नाण्याऐवजी दुसरंच काहीतरी ढकलते आणि आपण ‘अरे, हे तर मला सुचायला हवं होतं’ असं म्हणतो, तो आनंद त्याच घराण्यातला आहे.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे, आणि ती दोन्ही बाजूंशी आहे. या मालिकेतल्या नियमांतला सर्वांत महत्त्वाचा नियम धातूंचा नाहीच. ही ताकद कोणाच्या रक्तात आहे, हा तो नियम. ती उमरावांच्या घराण्यांत वंशाने चालत येते. स्का म्हणवल्या जाणाऱ्या राबणाऱ्या माणसांत ती येऊ नये, म्हणून उमरावाने ज्या स्का बाईला भोगलं तिला मारून टाकायचं, अशी तिथली रीत आहे. व्हिनसारखी पोर जिवंत आहे हाच त्या व्यवस्थेतला अपवाद. म्हणजे जादूची रचना हीच तिथली सत्तेची रचना आहे, आणि मुलींच्या जिवावर ती टिकवलेली आहे. चाहत्यांच्या वहीतल्या तक्त्यात सोळा धातू असतात, पण ही ओळ बहुधा नसते. आणि टीकाकार म्हणतात, नियमांत रमलेल्या पुस्तकात माणसाबद्दल काही नाही!

पितळेचंच घ्या. व्हिनच्या नव्या साथीदारांत ब्रीझ नावाचा एक हसरा, नीटनेटका माणूस आहे. तो पितळ जाळून आजूबाजूच्यांची मनं हळूहळू निवळवत असतो, मित्रांचीसुद्धा, विचारल्याशिवाय. त्याला टोकलं तर तो म्हणतो की सगळेच एकमेकांना आपल्या बाजूला वळवत असतात: कोणी कपड्यांनी, कोणी बोलण्याने, कोणी हसून. युक्तिवाद पटण्यासारखा आहे आणि अस्वस्थ करणारा आहे. आयुष्यभर कोणावर विश्वास न टाकलेली मुलगी त्या टोळीत पहिल्यांदा निश्चिंत बसते, तेव्हा नियम ठाऊक असलेला वाचक तिच्या त्या निश्चिंतपणाकडे संशयाने पाहू लागतो. ही शांती तिची स्वतःची आहे, की खोलीतल्या कोणीतरी दिलेली? उमरावांनी हेच केलं तर आपण त्याला जुलूम म्हणू. मग ब्रीझने केल्यावर काय म्हणायचं? या पानांवर वाद घाला. मी तासन्‌तास बसायला तयार आहे.